दुसरा शनिवार

राजारामपुरीच्या नवव्या गल्लीत, मेडिकलच्या वर,
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पुण्याचे डॉक्टर येतात.
आमचा नंबर एक्केचाळीस.
जिन्याला कठडा डाव्या बाजूला,
आणि विजूआत्याचा चालणारा हात उजवा.

मांडीवर फाईल, गुळाच्या दुकानाच्या कापडी पिशवीत.
दोन एमआरआय, त्यातला एक मिरजेचा,
सोडियम, थायरॉईड, बी ट्वेल्व्ह,
तीन हस्ताक्षरांत तीन वेगळे आजार.
नसांचे डॉक्टर म्हणाले, हे मनाचं आहे.
मनाचे म्हणाले, आधी नसांचं बघून घ्या.
दोघांच्या मधे एक रस्ता, एक रसवंती.
वर्षभर आम्ही तो रस्ता ओलांडतोय.
रसवाला आता आत्याला न विचारता बिनबर्फाचा देतो.

आधी दिसायला लागली ती पोरं.
तिन्हीसांजेला कपाटावर बसलेली, पाय सोडून, गप्प.
आत्या घाबरली नाही. म्हणाली,
"कुणाची हाईत बघ गं. जेवली असतील का?"
वहिनीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या,
शेजारच्यांनी कागलकडचा एक बाबा सुचवला,
आणि मी, बी.एस्सी. झालेली,
त्या बाबाला पाचशे रुपये देऊन आले.
हे फाईलमध्ये नाही.

आणि हेही नाही:
पोरं जावीत म्हणून दिलेली ती अर्धी गोळी.
पोरं गेली. तिसऱ्या दिवशी आत्याही गेली,
म्हणजे खुर्चीतच होती, लाकडासारखी,
डोळे उघडे,
सकाळचा भाताचा घास संध्याकाळपर्यंत गालात तसाच.
मी गोळी बंद केली, कुणाला न विचारता.
आठवड्यानं पोरं परत आली कपाटावर.
मला इतकं हायसं वाटलं.
आता ओरडा बसेल म्हणून सकाळपासून वाक्यं जुळवतेय.

ज्युनिअर डॉक्टर, पुण्याची मुलगी, आधी माहिती लिहून घेते.
"आजी, तुम्ही पडला होतात ना?"
"मी कुठं पडलो? मी बसलो. मग तितंच झोपलो."
मुलगी थांबते. माझ्याकडे वळून हळूच,
"त्या स्वतःला पुरुष समजतात, हे कधीपासून?"
"अहो मॅडम, आमच्याकडं बायका असंच बोलतात!
मी पण बोलतो!"
बाकड्यांवरची सगळी माणसं हसतात.
आत्या सगळ्यांत उशिरा, पण हसते.
मुलगी लाल होऊन एक ओळ खोडते.
आमच्या फाईलमधून कमी झालेलं
हे पहिलंच लक्षण.

आत मोठे डॉक्टर घड्याळ काढायला सांगतात.
आत्या बाराही आकडे एका कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवते,
वडापात बसवावेत तसे.
मग ते मला विचारतात,
"झोपेत काय करतात?"

झोपेत?
आत्या टेलिफोन एक्स्चेंजला होती, ट्रंक बोर्डावर.
रिटायर झाल्यावर रात्री झोपेतच हात उचलून
हवेत दोऱ्या खुपसायची,
"बोला सांगली... सांगली, ठेवू नका,
गडहिंग्लज लाईनीवर हाय..."
एकदा हाताच्या फटक्यानं कंदील फुटला.
आम्ही हसायचो.
लग्नाकार्यात पाहुण्यांना नक्कल करून दाखवायचो.

"किती वर्षं?"
"बारा असतील."
डॉक्टर पेन खाली ठेवतात.
"तेव्हापासूनचं आहे हे."

बारा वर्षं आत्या रोज रात्री फोन लावत होती.
घर भरलेलं होतं.

ते आजाराचं नाव सांगतात, कुणा परदेशी माणसाचं.
बरा होत नाही, हेही त्याच आवाजात.
गोळीचं सांगते तेव्हा ओरडत नाहीत,
फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहितात:
ही गोळी पुन्हा कधीही नको.
खाली दोन रेघा.
त्या रेघा बघून मला का रडू येतं, कोण जाणे.

जिना उतरताना आत्या थांबते, मागे बघते.
"पोरं न्हाई आली गं खाली."
रिक्षावाला हॉर्न मारतो.
मी दार धरून उभी राहते.
"येतील," म्हणते. "दम खा जरा."